पहिल्या ओळीची वही

रविवार, ८ मार्च

भिंगरी,

पाकिटावर तुझा पत्ता आधी लिहून टाकला आणि मग पत्राला बसले. उलटं केलं असतं तर पत्ता लिहायच्या वेळी हात आखडला असता. स्वतःला मी एवढी तरी ओळखते.

मी घरी नाही. तुझ्या मावशीनं मला सुट्टीवर आणलंय. "तीन वर्षं घराला कुलूप लावलं नाहीस. आता लावायला गेलीस तर किल्ली फिरणार नाही," असं म्हणाली. किल्ली फिरली. आठ दिवसांसाठी आलोय. खोली चांगली आहे. दोन पलंग, एक टेबल आणि खिडकीखाली उताराची गल्ली. मावशीनं बघायच्या जागांची यादी केलीय आणि एकेका जागेवर अशी काट मारते, जशी काही तिला वरून कोणी हजेरी विचारणार आहे. आज तळं झालं. उद्या टेकडी.

गाव कोणतं ते तू ओळखशील. बाबांचं पेन आलं ते इथूनच.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. चार दिवस आलो होतो. बाबांनी त्या दुकानाच्या काचेपुढून तीनदा चकरा मारल्या आणि चौथ्यांदा आत गेले. मला म्हणाले, "चल की." मी म्हटलं, "तुम्ही जा, मी चपला सांभाळते." तिथे चपला काढायच्याच नव्हत्या. ते हसले आणि आत गेले. मी पायरीवर उभी राहिले. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, आणि मनात एकच भीती होती, की आत कोणी कौतुकानं "वहिनी, तुम्हीही लिहून बघा" म्हणालं तर?

आज संध्याकाळी दुकान शोधलं. पायरी तीच आहे, मध्ये झिजलेली. रविवार म्हणून दार बंद होतं. काचेत बाबांच्यासारखंच पेन दिसलं. काळं, जाड, टोपणावर सोनेरी कडं. मी पुन्हा बाहेरच उभी होते, पण आज दार बंद होतं म्हणून.

तुझ्यासाठी तसं पेन घ्यायचं मनात आहे. ते पेन तुझं होतं. बाबांनी मला शेवटच्या दिवसांत स्पष्ट सांगितलं होतं, "पेन पोरीला दे." आणि ते माझ्या हातून त्यांच्याबरोबर गेलं, आगीत गेलं. रोज सकाळी त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन मीच लावत असे, त्या सवयीनं त्या दिवशीही लावलं गेलं. हे तुला तेव्हाच सांगितलंय. त्यानंतर तुझं ते एक पत्र आलं, आणि मग काही नाही. मावशीच्या फोनवर तुझे फोटो येतात, ती मला दाखवते. केस कापलेस. छान दिसतात.

उद्या हे पेटीत टाकीन.

आई

मंगळवार, १० मार्च

भिंगरी,

टाकलं नाही. दुकानात जाऊन आल्यावर दोन्ही एकदम टाकू म्हटलं.

काल टेकडीनं मावशीचे गुडघे धरले, म्हणून आज ती तक्रार न करता माझ्याबरोबर दुकानात आली. तिथे खुर्च्या असतील अशी तिची अटकळ होती, आणि होत्या.

दुकान लांब आणि अरुंद आहे. गल्ल्यामागे सत्तरीचे एक गृहस्थ. त्यांना मी मनात पेनवाले म्हणते. आत खिडकीपाशी एका टेबलावर त्यांची लेक बसते, चाळिशीची, एका डोळ्याला भिंग लावून. निब घासून हाताजोगं करायचं काम तिचं. ती निबवाली. दोघं दिवसभर एकमेकांना टोचत असतात.

"बाबा, बायका उभ्या आहेत. आधी बसायला सांगा, मग पेनं दाखवा."

"सांगणारच होतो. तू सांगू दिलंस तर ना."

मी काचेतलं पेन दाखवलं. त्यांनी ते मखमलीवर ठेवलं. मावशीनं किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि मला कोपरानं ढोसलं. "अगं, हा दागिना आहे की पेन?"

"दागिनाच, बाई," पेनवाले म्हणाले. "फक्त हा रोज अंगावर घातला तरी कोणी नावं ठेवत नाही."

मग मला म्हणाले, "लिहून बघा."

छत्तीस वर्षं ज्याला भ्याले ते शेवटी समोर आलंच. आता मला लिहिता येतं, वाचनालयाचं निम्मं कपाट मी वाचून काढलंय, तरी कागद पुढे आल्यावर डोकं रिकामं झालं. आणि हातानं आपणहून लिहिलं: चहा ठेव.

निबवाली उठून बघायला आली होती. ती खुदकन हसली. "घरी कोणी चहा करून देत नाही वाटतं?"

तुला आठवतं का? बाबा पेनात शाई भरली की वर्तमानपत्राच्या कडेला लिहून बघायचे आणि कागद माझ्याकडे सरकवायचे. "वाच." मी वाचणार काय? पण दर वेळी तेच दोन शब्द, आणि दर वेळी ते चहा मागायचे, म्हणून आकार ओळखीचे झाले. मग एकदा त्यांनी कागद सरकवला आणि मी मुकाट्यानं आधण ठेवलं. केवढे खूश झाले. दुसऱ्या दिवशी लबाडी केली. "आज चहा नको" असं लिहिलं. मी आपला चहा ठेवला. ते इतके हसले की मला रडू आलं. त्या दुपारी मी शेजारच्या मास्तरीणबाईंकडून बाराखडीचा तक्ता मागून आणला. म्हणजे मी शिकले ती रागानं. तुला हे कोणी सांगितलं नसेल.

पेन चांगलं चाललं. मी म्हटलं, "द्या बांधून."

"कोणासाठी?"

"मुलीसाठी."

"मग मुलीला घेऊन या."

मावशी म्हणाली, "अहो, पेन आहे, लग्नाचा शालू नाही."

"शालू कोणालाही नेसता येतो," निबवाली म्हणाली. "हे ज्याच्या हातात बसायचं त्याच्यासाठी घासावं लागतं. कोण दाबून लिहितं, कोण पेन आडवं धरतं. न घासता दिलं तर महिनाभरात कपाटात जाऊन पडतं. बाबांनी एवढ्या वर्षांत हात बघितल्याशिवाय पेन दिलेलं नाही."

"एकदा दिलं होतं," पेनवाले म्हणाले.

"आणि ते परत आलं."

त्यांच्याकडे एक वही असते. पेन घासून तयार झालं की गिऱ्हाइकानं त्यात पहिली ओळ लिहायची, तारीख घालायची, मगच पेन खिशात. बहुतेक लोक नुसती सही करतात, म्हणाले. मला एकदम बाबांची आठवण झाली. छत्तीस वर्षांपूर्वीची वही असेल का, असं विचारलं. ते म्हणाले, त्या साऱ्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, तळघरात ठेवल्या होत्या. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. बाबांनी काय लिहिलं होतं ते वाचायचा धीर मला होता असं वाटत नाही.

मी म्हटलं, मुलगी दूर असते, तिला यायला जमणार नाही. निबवालीनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "त्यांनी हातानं लिहिलेलं काही आहे तुमच्याजवळ? पाठपोट एक कागद असला तरी पुरे. त्यावरून अंदाज येतो."

मी म्हटलं, बघते.

बघायचं काय त्यात. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये आहे. नेहमी असतं.

आई

गुरुवार, १२ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मी परक्या माणसांपुढे ठेवलं. रागावू नकोस. घडी अशी घातली होती की खालच्या चार ओळीच दिसतील. पण निबवालीनं सांगितलं, पूर्ण पान लागेल, माणूस वरती वेगळं लिहितं आणि खाली वेगळं. "मी वाचत नाही," म्हणाली. "मला शब्द दिसतच नाहीत, नुसत्या रेघा दिसतात. डॉक्टरला जसा माणूस दिसत नाही, तसं."

"कसला डॉक्टर," पेनवाले गल्ल्यावरून म्हणाले. "न्हावी म्हण."

तिनं भिंग लावलं. मी खुर्चीवर बसले. मावशी बाहेर गेली होती, तिला टोप्या बघायच्या होत्या.

"डावखुऱ्या आहेत," ती म्हणाली.

मी मान हलवली. तू तीन वर्षांची असताना मी तुझी पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्यात द्यायची. तू परत डाव्यात घ्यायचीस. बाबांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हात तिचा, अक्षर तिचं. तू का मधे?" त्यानंतर मी कधी मधे आले नाही. निदान त्या बाबतीत.

"दाबून लिहितात. निदान हे तरी दाबून लिहिलंय." आणि मग तिनं भिंग काढलं. "पण ताई, हे त्यांचं रोजचं अक्षर नाही."

"तिचंच आहे. तिनंच लिहिलंय."

"लिहिलंय त्यांनीच. पण हे चालत्या हातानं लिहिलेलं नाही. प्रत्येक अक्षर वेगळं काढलंय, छापल्यासारखं, सावकाश. हे बघा, इथे हात धावायला निघाला आणि त्यांनी आवरला. इथेही. पूर्ण पानभर हात आवरून धरलाय." तिनं कागद माझ्याकडे वळवला. "कोणाला तरी वाचता यावं म्हणून लिहिलंय हे. लहान मुलासाठी वगैरे होतं का?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी होतं."

ती उठली आणि माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवून परत जाऊन बसली.

भिंगरी, ते पत्र मी किती वेळा वाचलंय याची मोजदाद नाही. दर वेळी फक्त काय लिहिलंयस ते वाचलं. कसं लिहिलंयस ते कधी पाहिलंच नाही. एवढी संतापलेली होतीस, आणि आईला हाताचं अक्षर वाचता येत नाही, फक्त छापील येतं, हे त्या संतापातही तुझ्या ध्यानात होतं. पानभर एकेक अक्षर सुटं काढत बसलीस. रागातल्या माणसाला एवढा वेळ कुठे असतो?

मग निबवालीनं आणखी एक सांगितलं. बाबांच्या पेनाचं मी तिला बोलले होते. ती म्हणाली, "उजव्या हातानं तेहतीस वर्षं झिजवलेलं निब डावखुऱ्या माणसाला चालत नाही. कागद खरवडतं. ते त्यांना मिळालं असतं तरी लिहिता आलं नसतं." ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. सबब आयती चालून आली होती, आणि चांगली वजनदार होती. मी ती घेतली नाही. पेन तुझं होतं, लिहायला चाललं असतं की नाही हा माझा प्रश्न नव्हता.

आता अडचण अशी, की हा कागद घासायच्या कामाचा नाही. "चालत्या हाताचं काही आणा," ती म्हणाली. माझ्याकडे तुझं दुसरं काही नाही. तुझी सारी पत्रं बाबांना होती, आणि ती तू बाबा गेले त्या आठवड्यात घेऊन गेलीस.

मावशी टोपी घेऊन आली. मला पाहून म्हणाली, "रडलीस का?" मी म्हटलं, "टोपी बघून." तिला ते लागलं, पण टोपी खरंच वाईट आहे.

आई

शुक्रवार, १३ मार्च

भिंगरी,

मावशी आज एकटीच गेली. यादीतलं उरलेलं एकटीनं उरकते म्हणाली. मी टेबल खिडकीशी ओढून घेतलंय. आज खिशाचं लिहिते.

पहिल्या पत्रात मी पुन्हा तेच लिहिलं, सवयीनं पेन खिशात लावलं. ते खोडून टाकणार होते. खोडत नाही, राहू दे. माणूस किती सहज खोटं बोलतं ते दिसेल.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस: "तूच मला म्हणालीस, तू शिवलेला सदरा घातला होता त्यांना. आणि त्याच दमात म्हणालीस, पेन सवयीनं खिशात ठेवलं. त्या सदऱ्याला मी खिसा ठेवलाच नव्हता, आई. त्यांच्या छातीवर मलमपट्टी होती, तिथे काही टोचू नये म्हणून. पेन गेल्याचं काही नाही. तू खोटं का बोललीस?"

तुझा सदरा घातला हे तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं. खिशाचं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. दोन्ही एका तोंडातून निघालं आणि मला कळलंसुद्धा नाही. शिवणारणीपुढे कपड्याचं खोटं बोलणारी माझ्यासारखी मीच.

आता खरं.

तू नोकरीला गेल्यावर बाबा दर रविवारी तुला पत्र लिहायचे. लिहून झालं की मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, "माझा आशीर्वाद लिहा." मग कागद खिडकीत वाळत ठेवून ते आंघोळीला जायचे. त्यांना वाटायचं मला फक्त छापील वाचता येतं. खरंही होतं ते. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पण नुकतं कानांनी ऐकलेलं डोळ्यांसमोर असायचं. ते आंघोळीला गेले की मी खिडकीशी उभी राहायची आणि ऐकलेलं कागदावर शोधायची. पहिली ओळ सापडायला तीन रविवार लागले. पूर्ण पत्र जुळायला दोन वर्षं. मी त्यांना सांगितलं नाही. एक दिवस पाकिटावरचं तुझं अक्षर धडाधड वाचून त्यांना चकित करायचं, असं ठरवलं होतं. चहाच्या त्या दिवसाची परतफेड.

मग एका रविवारी जुळेना.

त्यांनी वाचून दाखवलं होतं, आम्ही मजेत आहोत, कुंडीतल्या गुलाबाला दोन कळ्या आल्या, शेजारची मांजर पुन्हा आपल्या पायपुसण्यावर झोपायला लागली. कागदावर मांजर नव्हती. मला वाटलं, मलाच अजून नीट येत नाही. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. नीट येत होतं. कागदावर डॉक्टर होते, तपासण्या होत्या, आणि शेवटी होतं: "आईला सांगू नकोस. तिला झेपणार नाही."

न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. मी कागद होता तसा ठेवला.

सात महिने, भिंगरी. दर रविवारी ते मला गुलाब आणि मांजर वाचून दाखवायचे, आणि ते आंघोळीला गेले की मी खरं पत्र वाचायची. तू काय कळवतेस तेही त्यांच्या उत्तरांवरून समजायचं. तू सारखी म्हणत होतीस, आईला सांगा. ते नाही म्हणत होते. मीही बोलले नाही. मला यातलं काहीच माहीत नाही, या एकाच गोष्टीचा त्यांना विसावा होता. घरात एक तरी माणूस न घाबरता चहा करतंय, एवढंच त्यांना हवं होतं. मी चहा करत राहिले. शेवटी ते अंथरुणाला खिळले आणि मला "कळलं", तेव्हा मी रडले. शिळ्या बातमीवर रडले, पण रडणं ताजं होतं.

त्या दिवशी त्यांना सदरा घातल्यावर लोकांनी मला दहा मिनिटं त्यांच्याजवळ एकटं सोडलं. पेन उशाशी होतं. तुला द्यायचं म्हणून मीच तिथे ठेवलं होतं. ते हातात घेतलं आणि वाटलं, याच पेनानं सात महिने मला पायरीवर उभं केलं. तुम्ही दोघं आत, मी बाहेर, चपला सांभाळत. मी सदऱ्याच्या गळ्यातून ते आत सरकवलं, पट्टीच्या वर, आणि म्हटलं, "घ्या. तुमचं तुमच्यापाशी. मला सगळं वाचता येत होतं."

एवढंच मी म्हणाले. त्यांना सांगितलं ते तेव्हा.

राग होता हे खरं आहे. त्यांना एकटं पाठवायला जीव होत नव्हता, काही तरी बरोबर द्यावं वाटलं, हेही खरं आहे. कोणतं किती होतं ते मला अजून सांगता येत नाही. पण त्यात वस्तू तुझी गेली, आणि वर मी तुला फसवलं.

तुझ्यावरही थोडा राग होता. आता नाही. बापानं तोंड बांधल्यावर लेकीनं काय करावं? तू एकटीनं केवढं वाहिलंस ते मी दर रविवारी वाचत होते, आणि तुला हात देता येत नव्हता. दिला असता तर मला वाचता येतं हे फुटलं असतं. आपण तिघंही एकमेकांना जपत होतो, आणि तिघंही एकटे होतो.

आता हे पत्र मी न वाचता घडी घालते. वाचलं तर फाडीन.

आई

शनिवार, १४ मार्च

भिंगरी,

पेन घेतलं. आणि दुकानातच ठेवून आले.

निबवालीला म्हटलं, "हात येईल तेव्हा घासा. नाही आला तर तसंच राहू द्या."

पेनवाले म्हणाले, "कधीपर्यंत?"

"ते मला सांगता येणार नाही."

मावशी मधे पडली. "पैसे मोजायचे आणि वस्तू दुकानातच ठेवून यायचं. असलं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नाही."

"आम्हीही नाही," ते म्हणाले. "पण आमचं काय जातं? पेनाला चारा लागत नाही."

निबवालीनं पेन कापडात गुंडाळून तिच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवलं. वर चिठ्ठी लावायची होती. नाव काय लिहू, विचारलं. मी म्हटलं, "डावखुरी मुलगी, एवढंच लिहा." तिनं तेच लिहिलं.

एक नीट ऐक. हा गळ नाही. तू इथे गेलीस तर मी दाराआड उभी नसेन. मी उद्या घरी जातेय. तुझ्या गावाहून इथे थेट गाडी आहे, साडेचार तासांची, एवढं मात्र चौकशी करून ठेवलंय. पेन घेतलंस म्हणून मला फोन करायलाच हवा असं नाही. ते आधीही तुझंच होतं. मी फक्त मधे आले होते.

आणि यापुढे मला कधी लिहावंसं वाटलं, तर हात आवरून लिहू नकोस. मला वाचता येतं.

पाचही पत्रं एका पाकिटात घालतेय. पाकीट फुगलंय. मावशी म्हणते, जास्तीचं तिकीट लाव, नाहीतर तुझ्या लेकीला दंड भरावा लागेल, आणि मग ती जन्मात बोलायची नाही.

दोन लावलीत.

आई

शनिवार, २ मे

भिंगरी,

आज सकाळी दुकानातून पाकीट आलं. पोस्टमननं सही मागितली. मी दारातच उघडलं.

आत दोन कागद. एक निबवालीची चिठ्ठी. तिनं लिहिलंय:

"ताई, हात बुधवारी येऊन गेला. घासायला दोन तास लागले. मधे त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या होत्या. मी बोलावलं नाही, बसू दिलं. वहीतलं पान आम्ही फाडत नाही. बाबा ओरडले. पण हे पान वहीत राहण्यासारखं नव्हतं, तुमच्याकडे येण्यासारखं होतं. तुमच्या मुलीला विचारूनच फाडलंय. बाबांचा राग संध्याकाळपर्यंत उतरतो."

दुसरा कागद वहीचं पान. वर तारीख. खाली तुझी ओळ, डावीकडून उजवीकडे ढकलत नेलेली, सगळी अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून धावताहेत. एकही सुटं काढलेलं नाही. बाबांच्यापेक्षा वाईट अक्षर आहे तुझं. मुंग्या परवडल्या.

मी एका नजरेत वाचलं.

"चहा ठेव, आई."

केव्हा, ते लिहिलेलं नाहीस. आज, उद्या की पावसाळ्यात, काही नाही. तुझ्या बापाची लेक आहेस.

भांडं घासून शेगडीवर ठेवलंय, पाणी मोजून घातलंय. दाराला कडी नाही, नुसतं लोटलंय. साखर आधी दोन चमचे घ्यायचीस. आता किती ते मला माहीत नाही, म्हणून घातली नाही. आलीस की विचारीन.

आई